पार्श्वभूमी: डिमेन्शियाच्या माणसाची राखण हिशेबात कशी आली

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेलं माणूस किती परावलंबी आहे, हे ठरवायला आजही वापरात असलेल्या काही मोजपट्ट्या मुळात डिमेन्शियासाठी बनलेल्याच नव्हत्या. अमेरिकेत सिडनी कॅट्झ यांच्या गटाने १९६३ मध्ये सहा गोष्टींचा निर्देशांक मांडला: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. त्याचं मूळ खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांच्या निरीक्षणात होतं. १९६५ चा बार्थेल निर्देशांकही त्याच वळणाचा. दोन्हींचा भर शरीराला काय झेपतं यावर. डिमेन्शियात मात्र सुरुवातीची कित्येक वर्षं हातपाय ठणठणीत असतात.

लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये फोन, खरेदी, स्वयंपाक, औषधं, पैशांचे व्यवहार ही कामं मोजायला घेतली. हे डिमेन्शियाच्या बरंच जवळ जाणारं होतं, कारण गॅस चालू राहणं, गोळी दोनदा घेणं, पैशांचा घोळ होणं इथेच घरच्यांना पहिली शंका येते. पण पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं यांचे गुण धरायचेच नाहीत, अशीही तेव्हा पद्धत होती.

मोजमाप पैशांशी जोडलं गेलं की काय होतं, हे सर्वांत स्पष्ट दिसलं ते जर्मनीत. तिथे १९९५ मध्ये निगा-विमा सुरू झाला आणि कुणाला किती मदत द्यायची हे मिनिटांवर ठरू लागलं. तपासनिसांसाठी ठोकताळे होते: पूर्ण अंग धुवायला २० ते २५ मिनिटं, दात घासायला ५, केस विंचरायला १ ते ३. मदतीच्या पहिल्या पायरीत बसायला रोज सरासरी ९० मिनिटं मदत लागायला हवी आणि त्यातली ४५ हून जास्त शरीराच्या निगेची. स्वतः दात घासणाऱ्या, पण मध्यरात्री दार उघडून रस्त्यावर जाणाऱ्या आजींची लेक रात्रभर जागी राहते, ते या कोष्टकात कुठेच बसत नव्हतं. कुटुंबांनी आणि रुग्ण-संघटनांनी हे वर्षानुवर्षं लावून धरलं. २००२ पासून अशा रुग्णांसाठी वर्षाला ४६० युरोपर्यंत वेगळी रक्कम मिळू लागली, २००८ मध्ये ती महिन्याला जास्तीत जास्त २०० युरो झाली. मिनिटं हद्दपार व्हायला मात्र २०१७ उजाडलं. आता परावलंबनाच्या पाच श्रेणी आहेत. मोजणीत समज आणि वागणूक हे स्वतंत्र भाग आहेत. तरी त्या दोहोंपैकी ज्याचे गुण जास्त तेवढेच धरतात, आणि त्यांचं वजन १५ टक्के, तर स्वतःच्या निगेचं ४०. मला हे अजूनही कमी वाटतं.

खर्चाच्या बाजूने मोठं काम स्वीडनच्या आंदर्स विमो यांचं. १९९० च्या दशकात त्यांनी बनवलेल्या प्रश्नावलीत शारीरिक निगा, घरची-बाहेरची कामं आणि नुसती राखण यांचे तास वेगवेगळे विचारले जातात. राखण धरली की दिवसाचे चोवीस तासही भरू शकतात. मग त्या तासाची किंमत काय लावायची: सांभाळणाऱ्याची बुडालेली कमाई, की पगारी बाई ठेवली तर पडेल तो दर? त्यावर आकडा खूप बदलतो. २०१० च्या जागतिक अल्झायमर अहवालात डिमेन्शियाचा जगभरातला एकूण खर्च ६०४ अब्ज डॉलर निघाला. गरीब देशांत १४ टक्के रुग्ण होते, खर्चातला वाटा जेमतेम १ टक्का. तिथला सांभाळ सोपा होता म्हणून नव्हे. पगारी सेवा जवळजवळ नव्हत्या आणि घरच्यांच्या तासाला मोल कमी लावलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालासाठी १.३ लाख कोटी डॉलरचा अंदाज दिला. त्यातला साधारण अर्धा घरच्यांच्या बिनपगारी सांभाळाचा.

गरीब आणि श्रीमंत देशांतल्या या दरीविषयी काम करणारा '१०/६६' हा संशोधकांचा गट १९९८ मध्ये कोचीत उभा राहिला. दोन तृतीयांश रुग्ण कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत, पण त्यांच्यावर संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, हे त्या नावामागचं गणित. त्याच सुमारास हरियाणातल्या बल्लभगढ भागात, अक्षरओळख नसलेल्या वृद्धांसाठी वेगळी पट्टी तयार झाली. फोन आणि बँकेऐवजी तिथले प्रश्न साधे: जेवण झालंय हे विसरून पुन्हा मागतात का? गावात वाट चुकतात का? घरच्या महत्त्वाच्या गोष्टींत, लग्नकार्यात, आपलं मत सांगतात का?

भारतात आज साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. जर्मनी-जपानसारखा निगा-विमा आपल्याकडे नाही. सवलतींसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, किमान ४० टक्क्यांचं. त्यासाठीच्या 'आयडियाज' मोजपट्टीत स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद व समज आणि काम हे चार भाग आहेत, शिवाय आजाराचा काळ. सांभाळणाऱ्याच्या तासांचा रकाना त्यात नाही.