दिवसा १६० मीटर मरतो, २२०० मीटर मरत नाही

‘फ्रीक्वेन्सी जितकी खाली, तितका सिग्नल दिवसा जास्त खाल्ला जातो.’ हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परीक्षेची तयारी करून घेणारे हे वाक्य ठोकून देतात आणि ऐकणारा ते पार तळापर्यंत ताणतो. मग १३६ किलोहर्ट्झचा, म्हणजे २२०० मीटर तरंगलांबीच्या बँडचा, विषय निघाला की उत्तर तयार असतं: ‘दुपारी ८० मीटरच चालत नाही, तिथे ते काय चालणार?’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. १.८ मेगाहर्ट्झ (१६० मीटर) आणि १३६ किलोहर्ट्झ हे दोन्ही ‘खालचे बँड’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधले जातात, पण ऊन पडल्यावर दोघं अगदी वेगळे वागतात.

आधी १६० मीटरचं भरभर सांगतो. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सुट्या इलेक्ट्रॉनांचा डी थर तयार होतो. तिथे हवा अजून बऱ्यापैकी दाट असल्यामुळे लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटतात आणि ऊर्जेची उष्णता होते. वरच्या थरावरून परतायचं तर ही वाट दोनदा तुडवावी लागते. डेसिबलमधला तोटा ढोबळमानाने फ्रीक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या मानाने १.८ वर सुमारे १५ पट. सूर्य मावळला की थर झपाट्याने विरतो आणि बँड उघडतो.

खरी गल्लत पुढे आहे. हा वर्गाचा नियम थर ओलांडणाऱ्या लहरीसाठी आहे. लहर थरात शिरून पलीकडे जात असेल, तरच तो लागू होतो. १३६ किलोहर्ट्झची तरंगलांबी २.२ किलोमीटर. डी थराच्या खालच्या बाजूला इलेक्ट्रॉनांची संख्या काही किलोमीटरांत भराभर वाढते. १६० मीटरच्या लहरीला एवढं अंतर म्हणजे लांबच लांब चढ. ती आत शिरत जाते आणि शिरता शिरता संपते. २.२ किलोमीटरच्या लहरीला तेवढंच अंतर एक-दोन पावलांचं, म्हणजे जवळजवळ कडाच. तिचा बराचसा भाग तिथूनच खाली वळतो. आणखी खाली, १८.२ किलोहर्ट्झवर, तरंगलांबी साडेसोळा किलोमीटर होते. तिथे तर शंकाच नको. जो थर १६० मीटरला गिळतो, तोच २२०० मीटरला परत पाठवतो. या लांब लहरी दिवसा सुमारे ७० किलोमीटरवरून आणि रात्री ९०च्या आसपासहून परततात.

दिवसा काहीच तोटा होत नाही, असं मात्र कुणी समजू नये. खालच्या दाट हवेत परावर्तन होताना काही ऊर्जा जातेच. म्हणून १३६ वर समुद्रापारचं डीएक्स (दूरचा संपर्क) करायला रात्रच हवी. पण ‘कमी’ आणि ‘बंद’ यांत फरक आहे. जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर जाणारा वेळेचा सिग्नल युरोपभरची घड्याळं लावतो, तो भर दुपारीही पोहोचतो.

स्वतः पडताळायचं असेल तर त्याला लायसन्स लागत नाही. तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे भारतीय नौदलाचं १८.२ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण केंद्र आहे. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे द्या, टोकं लॅपटॉपच्या माइक सॉकेटला जोडा, साउंडकार्ड ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर ठेवा आणि वॉटरफॉल (कोणत्या फ्रीक्वेन्सीवर किती सिग्नल येतो हे सरकत्या चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा. घरातल्या चार्जर आणि एलईडी दिव्यांपासून लांब बसलात, तर त्या केंद्राची रेघ भर उन्हातही दिसेल. त्याच वेळी सूर्यावर मोठा भडका उडाला की गंमत पाहा: ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) काही मिनिटांत मुका होतो आणि इकडे ही रेघ बहुतेक वेळा उजळते. वाट कोणती आहे त्यावर कधी ती घसरतेही, पण गायब होत नाही. दोन्ही बदल एकाच थराने घडवलेले असतात.

हा घोळ जुना आहे. फेब्रुवारी १९०२ मध्ये रेडिओचा प्रवर्तक मार्कोनी ‘फिलाडेल्फिया’ जहाजावरून जाताना इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या पोल्डू केंद्राचे सिग्नल ऐकत होता. दिवसा ते ७०० मैलांनंतर हरवले, रात्री २,००० मैलांपुढेही आले. प्रकाशामुळे पाठवणाऱ्या एरियलचा विद्युतभार निसटतो, असं त्याला वाटलं. कारण चुकलं, पण उपाय बरोबर निघाला: पुढे १९०७ मध्ये आयर्लंडमधलं क्लिफडेन आणि कॅनडातलं ग्लेस बे यांच्यात व्यापारी सेवा सुरू झाली, तेव्हा तो हजारो मीटरच्या लहरींवर गेला होता. खालची फ्रीक्वेन्सी दिवसा वाईटच असती, तर त्याने उलट केलं असतं.

राहता राहिला ४७२ किलोहर्ट्झ, म्हणजे ६३० मीटर. त्याला २२०० मीटरच्या रांगेत बसवू नका. दिवसा तिथे आकाशलहर (वरच्या थरावरून परतणारी) जवळपास संपते आणि जे काम होतं ते मुख्यतः जमिनीलगत जाणाऱ्या भूलहरीवर. उन्हाच्या बाबतीत ६३० मीटर हा १६० मीटरचाच भाऊबंद.