मूतखडा

मूतखडा (अश्मरी) : मूत्रातील क्षारांचे स्फटिक एकत्र येऊन मूत्रपिंडात, मूत्रवाहिनीत किंवा मूत्राशयात तयार होणारा कठीण खडा. मूत्रसंस्थेच्या नेहमीच्या विकारांत जंतुसंसर्ग, उतारवयातील पुरुषांची वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होणे यांचाही समावेश होतो. मात्र रुग्णाला मध्यरात्री दवाखाना गाठायला लावणारा विकार बहुधा मूतखडाच असतो.

लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट आणि यूरिक आम्ल विरघळलेल्या अवस्थेत असतात. पाणी कमी पडले की ते पुरते विरघळू शकत नाहीत आणि त्यांचे स्फटिक धरू लागतात. लघवीतले सायट्रेट आणि मॅग्नेशियम ही क्रिया रोखून धरतात, म्हणून सारखेच जेवण जेवणाऱ्या दोघांपैकी एकालाच खडा होतो असेही दिसते. मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर कॅल्शियमचे पांढुरके चट्टे असतात आणि खडे त्यांना धरून वाढतात, हे अलेक्झांडर रँडल या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३७ मध्ये मांडले.

बहुतेक खडे कॅल्शियमचे, त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. यूरिक आम्लाचे खडे आम्लधर्मी लघवीत होतात. मधुमेह, स्थूलपणा आणि गाउट (यूरिक आम्ल साचून सांधे सुजण्याचा विकार) असणाऱ्यांत ते अधिक आढळतात. प्रोटियससारख्या जंतूंच्या दीर्घ संसर्गाने होणारा स्ट्रुव्हाइट खडा मूत्रपिंडाच्या सगळ्या पोकळीत फांद्या फुटल्यासारखा पसरू शकतो. सिस्टीन या अमिनो आम्लाचे खडे आनुवंशिक असून क्वचित, पण लहान वयात होतात.

मूत्रपिंडात स्वस्थ असलेला खडा वर्षानुवर्षे जाणवतही नाही. तो २५ ते ३० सेंमी. लांबीच्या, आतून जेमतेम ३-४ मिमी. रुंद असलेल्या मूत्रवाहिनीत उतरला की कळ सुरू होते. ती पाठीत बरगडीखाली उठते आणि ओटीपोटातून जांघेपर्यंत उतरते. रुग्णाला एका कुशीवर पडून राहवत नाही. तो येरझाऱ्या घालतो, त्याला उलट्या होतात, लघवी लालसर होते. खडा मूत्राशयाजवळ पोहोचला की उन्हाळी लागल्यासारखी जळजळ होते आणि सारखे लघवीला जावेसे वाटते. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल, तर तासाभराचीही वाट पाहू नये. अडलेल्या मूत्रपिंडात पू झाल्यास जंतुदोष रक्तात पसरून जीव जाऊ शकतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे कळ थांबणे. कळ गेली म्हणजे खडा पडला, असे समजून अनेकजण तपासणी सोडून देतात. प्रत्यक्षात खडा तिथेच अडकलेला असू शकतो. मूत्रपिंड फुगत राहते आणि काही महिन्यांत कायमचे निकामी होते, तेही काहीही न दुखता. म्हणून कळ थांबल्यावरही सोनोग्राफी करून खडा गेल्याची खात्री करणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीतला लहान खडा निसटू शकतो. सीटी स्कॅन अधिक खात्रीचा. यूरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही.

५ मिमी.हून लहान खडे बहुधा आपोआप पडतात, १० मिमी.हून मोठे क्वचितच. औषधाने खरोखर विरघळतो तो यूरिक आम्लाचा खडा, कारण पोटॅशियम सायट्रेटने लघवीची आम्लता कमी करता येते. कॅल्शियमचे खडे असे विरघळत नाहीत. घरोघरी दिले जाणारे कुळथाचे कढण पोटात पाणी जाण्यापुरते चांगलेच. मात्र त्याच्या भरवशावर अडलेला खडा महिनोन्महिने ठेवणे घातक आहे.

मूत्राशयातला खडा शस्त्रक्रियेने काढण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत तपशीलवार आली आहे. उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाबद्दल शंका, म्हणून वैद्याने आधी अधिपतीची अनुमती घ्यावी, असेही तिथे सांगितले आहे. ग्रीसमधील हिपॉक्रेटिसच्या नावाच्या शपथेत तर वैद्य खड्यासाठी चिरफाड न करण्याचे वचन देतो. हे भय ओसरायला विसावे शतक उजाडावे लागले. १९७६ मध्ये पाठीतून लहान छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढण्याचे तंत्र स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाले, तर १९८० मध्ये म्युनिक येथे शरीराबाहेरून आघात-लहरींनी पहिल्या रुग्णाचा खडा फोडण्यात आला. आता मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून लेसरनेही खडा फोडतात. त्यानंतर काही काळ आत ठेवलेली डीजे स्टेंट ही नळी ठरल्या तारखेला काढून घ्यावीच लागते. राहून गेली तर तिच्यावरच खडे चढतात.

खडा पुन्हा होण्याची प्रवृत्ती मोठी आहे. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हा प्रतिबंधाचा पाया. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात त्यासाठी तीन लिटर पाणीही पुरत नाही. उन्हात राबणारे ऊसतोड कामगार, तासन्‌तास वाहन चालवणारे चालक आणि स्वच्छतागृह नाही म्हणून मुद्दाम पाणी टाळणाऱ्या स्त्रिया यांना नुसते ‘पाणी प्या’ सांगणे अपुरे आहे. कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह ही खड्यावरची खरी प्रतिबंधक तरतूद होय.

दूध बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले की ऑक्झलेट रक्तात जास्त शोषले जाते. कमी करायचे ते मीठ, कारण जादा मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही अधिक जाते. लोणचे, पापड, फरसाण यांत ते भरपूर असते. मांसाहाराचा अतिरेक टाळावा, लिंबू सरबत मीठ न घालता प्यावे. ऑक्झलेटचा खडा झालेल्यांनी पालक बेताने खावा. टोमॅटोला मात्र उगाच दोष दिला जातो, त्यात ऑक्झलेट फार नसते.

पडलेला खडा फेकून देऊ नये. लघवी गाळणीतून गाळून तो मिळवावा आणि त्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी. खडा वारंवार होत असल्यास २४ तासांची लघवी साठवून तिच्यातील कॅल्शियम, ऑक्झलेट, यूरिक आम्ल आणि सायट्रेट मोजतात, आणि पुढचा आहार व औषध त्यावरून ठरते.