सहभागी अभिकल्प : उद्योग व संस्थांतील

एखादे यंत्र, संगणकप्रणाली वा कार्यपद्धती ज्यांना रोज वापरावी लागणार, त्यांनी ती घडवतानाच्या निर्णयांत प्रत्यक्ष भाग घ्यावा, या तत्त्वावर आधारलेली अभिकल्पाची रीत. ‘पार्टिसिपेटरी डिझाइन’ या नावाने ती अधिक परिचित आहे. वापरणाऱ्याचे मत विचारणे वेगळे आणि त्याला निर्णयात वाटा देणे वेगळे. सहभागी अभिकल्प म्हणजे यांतील दुसरे.

उगम : उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तिचे मूळ ब्रिटनमधील सामाजिक-तांत्रिक विचारात, म्हणजे यंत्रे व माणसांच्या कामाची रचना यांचा एकत्र विचार करण्यात, आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले के. डब्ल्यू. बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये कोळसा खाणींतील कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांत्रिक पद्धत आल्यावर सगळे काम मिळून करणाऱ्या लहान टोळ्या मोडल्या, प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा एकेक तुकडाच उरला आणि त्याचे दुष्परिणाम झाले, असे त्यांनी दाखवले. समाजशास्त्रज्ञ एनिड मम्फर्ड यांनी हा विचार संगणकाच्या क्षेत्रात आणून ‘एथिक्स’ ही पद्धत बांधली. १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत विक्री कर्मचाऱ्यांसाठीची प्रणाली घडवताना त्यांनी त्या कर्मचाऱ्यांनाच अभिकल्पगटात घेतले.

दुसऱ्या मतानुसार उगम नॉर्वेतील लोह व धातू कामगार संघटनेच्या प्रकल्पात शोधावा लागतो. हा प्रकल्प नॉर्वेजियन संगणन केंद्रातील संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्या साहाय्याने चालला. त्याच्या प्रारंभाचे वर्ष कोठे १९७०, कोठे १९७१ असे दिलेले आढळते. १९७३ च्या सुमारास तो संपला. संशोधकांनी अहवाल लिहावेत, अशी मूळ योजना होती. तिचा कामगारांना फारसा उपयोग नाही, हे ध्यानात आल्यावर ‘निष्पत्ती’ची व्याख्याच बदलण्यात आली : प्रकल्पामुळे संघटना जी कृती करील, तीच त्याची निष्पत्ती. पुढे कारखान्यांच्या पातळीवर आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर नियोक्ते व कामगार यांच्यात संगणकविषयक करार झाले. नव्या प्रणालीची माहिती कामगारांना आधी द्यावी, तीही तज्ज्ञ नसलेल्याला कळेल अशा भाषेत, हे त्यांत मान्य झाले. कामगारांना या विषयासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमता येऊ लागले.

पहिला प्रवाह कामगार व व्यवस्थापन यांचे हित जुळवता येते असे धरून चालतो. दुसरा त्यांतील संघर्ष गृहीत धरतो. सहभाग हा हक्क म्हणून करारात उतरला तो दुसऱ्या प्रवाहात, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हे मत मानले, तर ‘विद्यापीठांतील पद्धत उद्योगांत नेणे’ हा रूढ शब्दप्रयोगही अपुरा ठरतो. पद्धत जन्मली कारखान्यातच; विद्यापीठांनी तिला नाव व शिस्त दिली.

साधने : स्वीडन व डेन्मार्कमधील संशोधक आणि नॉर्डिक मुद्रण कामगार संघटना यांचा ‘यूटोपिया’ प्रकल्प १९८१ मध्ये सुरू झाला. वृत्तपत्राच्या पानाची मांडणी संगणकावर आल्यास जुळाऱ्यांचे (छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगारांचे) कसब नष्ट होऊ नये, हा त्याचा हेतू होता. हवी तशी यंत्रे त्या वेळी उपलब्ध नव्हती. मग लाकूड, पुठ्ठा व कागद यांच्या प्रतिकृती करून कामगारांनी त्यांपुढे बसून कामाचा सराव केला. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याला लेसर मुद्रक मानले गेले. पुठ्ठा कोणालाही कापता येतो, संगणकाची आज्ञावली नाही; म्हणून येथे कामगार व अभियंता बरोबरीने बोलू शकले. स्टॉकहोममधील ‘आफ्तोनब्लादेत’ या वृत्तपत्रात प्रणालीची चाचणी झाली, पण तिला अपेक्षित व्यापारी यश लाभले नाही. प्रतिकृतींचे तंत्र मात्र सर्वत्र पसरले.

उद्योगांतील प्रसार : अमेरिकेत कामगार संघटनांचा जोर कमी. तेथे करार पोहोचले नाहीत, तंत्रे पोहोचली. १९९० च्या सुमारास बेलकोर या दूरसंचार संशोधन कंपनीत मायकेल मुलर यांनी ‘पिक्टिव्ह’ हे तंत्र मांडले : रंगीत पेने, चिकटणाऱ्या चिठ्ठ्या व प्लास्टिकचे तुकडे टेबलावर मांडून संगणकाच्या पडद्याचा आराखडा करायचा आणि सारे चित्रफितीत टिपायचे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएममध्ये आकाराला आलेली, वापरणारे व प्रणाली घडवणारे यांच्या संयुक्त बैठकांची पद्धत यासारखीच दिसते. तिचा मुख्य उद्देश मात्र गरजा लवकर निश्चित करणे हा होता. तिची गणना या परंपरेत करणे योग्य नव्हे.

अडचणींचे स्वरूप उद्योगाच्या प्रकारानुसार बदलते, हे संगणकवापराचे अभ्यासक जोनाथन ग्रुडिन यांनी दाखवले. संस्थेच्या स्वतःच्या वापरासाठीच्या प्रणालीत वापरणारे आधीपासून ठाऊक असतात. ठेक्याच्या कामात ते ठाऊक असतात, पण करार झाल्यावर बदलाला वाव उरत नाही. बाजारासाठीच्या उत्पादनात ते विक्रीनंतरच नीट कळतात. तोवर विक्री व विपणन विभागच त्यांच्या वतीने बोलतात. शिवाय कामाच्या वेळेतून कर्मचाऱ्याला मोकळे करण्यास त्याचा वरिष्ठ राजी नसतो. दीर्घकाळ गटात राहिलेला प्रतिनिधी हळूहळू अभियंत्यांच्याच नजरेने पाहू लागतो, हा धोकाही आहेच. सहकाऱ्यांत परतण्याची सोय ठेवणे हा त्यावरचा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

इतर संस्था : नॉर्वेतील ‘फ्लॉरेन्स’ प्रकल्पात १९८० च्या दशकात रुग्णालयातील परिचारिकांसह प्रणाली घडवली गेली. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील लूसी सचमन व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतील एका राज्याच्या महामार्ग खात्यात पुलाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यांबरोबर काम केले. त्या अभियंत्यांच्याच कागदपत्रांवर दस्तऐवज साठवणीचे प्राथमिक नमुने उभारले गेले.