पाडलेल्या स्टेडियमचा आवाज

23 फेब्रुवारी 1960 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातलं एबेट्स फील्ड हे बेसबॉलचं मैदान पाडायला सुरुवात झाली. क्रेनला लटकवलेला लोखंडी गोळा त्या दिवशी बेसबॉलसारखा रंगवून आणला होता: पांढरा, वर लाल टाके. तो रंगवणाऱ्याच्या मनात आदर होता की थट्टा, कोण जाणे. 1913 साली उघडलेल्या या मैदानावर खेळणारा डॉजर्स संघ 1957 चा हंगाम संपवून लॉस एंजेलिसला निघून गेला होता. पुढे 1964 मध्ये त्याच गोळ्याने शहरातलं दुसरं जुनं मैदान, पोलो ग्राउंड्स, पाडलं. दोन्ही जागी आता राहत्या इमारती आहेत, आणि एबेट्स फील्डचं नाव निघालं की ब्रुकलिनची जुनी माणसं अजून हळवी होतात.

जुन्या स्टेडियमविषयी बोलणारा चाहता कुठल्याही देशातला असो, कुठल्याही खेळाचा असो, त्याची तक्रार बहुधा एकच असते. 'तिथे जो आवाज व्हायचा, तो इथे होत नाही.' ऐकणारे मान डोलावतात आणि मनात म्हणतात, वय झालं. मला मात्र या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. एक भौतिकशास्त्राची आहे आणि ती चक्क खरी आहे. दुसरी स्मृतीची आहे, आणि तिच्यावर इतका विश्वास ठेवता येत नाही. पंचाईत अशी, की बोलणाऱ्याला स्वतःला यातलं कुठलं कुठे संपतं ते सांगता येत नाही.

आधी आवाजाचं पाहू. 1895 च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक त्रासदायक काम आलं. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कुणाला समजत नव्हतं, कारण एकेक शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या ठेवायच्या, पुन्हा मोजायचं. या खटाटोपातून जे सूत्र निघालं ते आजही वापरात आहे. बंदिस्त जागेतला निनाद किती वेळ टिकेल हे दोन गोष्टींवर ठरतं: जागेचं घनफळ आणि तिथली एकूण ध्वनिशोषण क्षमता. आवाज किती मोठा भरेल, हेही याच शोषणावर अवलंबून असतं. शोषून घेणारं कमी असेल, तर तेवढीच माणसं ओरडली तरी जागा जास्त दणाणते.

आता शिकागो स्टेडियम डोळ्यांसमोर आणा. 1929 साली उघडलेलं, बास्केटबॉल आणि आईस हॉकीचं बंदिस्त क्रीडागार. 'मॅडिसन रस्त्यावरचा वेड्यांचा बाजार' अशा अर्थाचं त्याचं टोपणनाव होतं. खाली दाटीवाटीने बसलेले हजारो प्रेक्षक आणि आवाज परतवून लावणारे कठीण पृष्ठभाग. ओरडणं वर जायचं, आदळायचं आणि लगेच डोक्यावर परत यायचं. 1994 मध्ये तिथे खेळणारे संघ रस्त्यापलीकडच्या नव्या, कितीतरी मोठ्या इमारतीत गेले. मोठ्या इमारतीत घनफळ वाढतं, त्याबरोबर आवाज गिळणारे पृष्ठभाग वाढतात. त्यात मऊ खुर्च्या आणि श्रीमंत पाहुण्यांसाठीच्या काचबंद खोल्या. त्या काचेमागे बसलेला माणूस ओरडला तरी ते मैदानापर्यंत पोचत नाही, आणि माझा संशय असा की तो फारसा ओरडतही नाही.

अंतराची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. जुन्या स्टेडियममध्ये सगळे ज्याला शिव्या घालायचे, तो म्हणजे नजरेआड येणारा खांब. वरच्या मजल्याचं वजन पेलायला तो लागायचा. पण खांब होता म्हणूनच वरचा मजला खालच्या मजल्याच्या थेट डोक्यावर, मैदानाला भिडून बांधता यायचा. डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियममध्ये तर उजव्या बाजूचा वरचा मजला खालच्यापेक्षा सुमारे 10 फूट पुढे, मैदानावर झुकलेला होता. पुढे खांब काढून टाकायचे ठरले तेव्हा वरचा मजला मागे सरकवावा लागला. मग दोन मजल्यांच्या मध्ये काचबंद खोल्यांची रांग घातली, त्यामुळे तो आणखी उंच गेला. आता सगळ्यांना सगळं दिसतं, फक्त लांबून. अंतर दुप्पट झालं की एका माणसाचा थेट पोचणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो. तेव्हा 'पूर्वी खेळाडूचा घाम दिसायचा' असं म्हणणारा म्हातारा अगदीच बाता मारत नसतो.

1995 मध्ये बॉस्टन गार्डन हे बास्केटबॉलचं जुनं क्रीडागार बंद झालं, तेव्हा तिथली प्रसिद्ध लाकडी फरशी उचलून नव्या इमारतीत बसवली. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची टंचाई होती, म्हणून ओकचे आखूड तुकडे चौकटी-चौकटीने जोडून ती केलेली होती. लाकूड तेच, खेळ तोच, संघ तोच. पण फरशी नेता आली तरी छत नेता आलं नाही, आणि लोकांचं समाधान काही झालं नाही.

आता स्मृतीकडे वळू. इथे गोष्ट एवढी सरळ नाही.

1971 मध्ये जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदरांच्या मेंदूत, हिपोकॅम्पस या भागात, विचित्र पेशी शोधल्या. उंदीर एका ठरावीक जागी आला की एक ठरावीक पेशी पेटायची. दुसऱ्या जागी दुसरी. मेंदूत त्या जागेचा नकाशाच काढलेला असतो म्हणा ना. या कामासाठी ओकीफ यांना मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासोबत 2014 चं नोबेल मिळालं. उंदराला वेगळ्या आकाराच्या खोक्यात सोडलं, की त्याच पेशी नवा नकाशा मांडतात आणि जुन्या नकाशाशी त्याचा फारसा संबंध उरत नाही. माणसाच्या मेंदूत हाच हिपोकॅम्पस आयुष्यातल्या प्रसंगांच्या आठवणीही सांभाळतो. जागा आणि प्रसंग एकाच कारखान्यात घडतात, म्हणून 'तो सामना' आठवताना आपल्याला आधी जिना आठवतो, मग अंधारी बोळ, मग अचानक उघडणारा हिरवा चौकोन. स्टेडियम पाडलं की त्या आठवणींना हात घालायची जागाच जाते.

प्रसंग जिथे घडला तिथे तो जास्त चांगला आठवतो, हे सांगताना 1975 चा पाणबुड्यांचा प्रयोग हटकून सांगतात: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. मलाही तो फार आवडायचा. मात्र 2021 मध्ये तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम सापडला नाही. इतर अनेक प्रयोग एकत्र तपासले तर परिसराचा परिणाम दिसतो, पण तो गोष्टीत सांगतात तेवढा नाट्यमय नाही. वासाचा पुरावा जरा भक्कम आहे. बाकीच्या संवेदना मेंदूच्या मधल्या टपालघरातून वाटल्या जातात. वास मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळच्या वाटेने पोचतो. ओल्या लाकडाचा, सिगारेटचा, मलमाचा तो वास नव्या, वातानुकूलित इमारतीत भेटत नाही.

आणि मग वय. आपल्या आयुष्यातल्या आठवणींचा आलेख काढला तर साधारण 10 ते 30 या वयात त्याला टेकाड येतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी लोकांना विचारलं, जगातले सर्वांत थोर फुटबॉलपटू कोण? उत्तरं पेले, क्रॉइफ, मॅराडोना अशी वेगवेगळी आली. पण ज्या खेळाडूची कारकीर्द आपण सतराच्या आसपास असताना ऐन भरात होती, त्याचं नाव लोक जास्त घेत होते. थोर खेळाडू ठरवताना असं होतं, तर थोर मैदान ठरवताना काय होत असेल? याच विषयावर असाच अभ्यास कुणी मैदानांबाबत करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

स्मरणरंजनाचा अभ्यास मुळात जागेपासूनच सुरू झाला. 1688 साली बाझेलमध्ये योहानेस होफर या 19 वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने घरापासून दूर गेलेल्यांच्या झुरण्याला आजार मानून त्याला 'घरी परतणं' आणि 'वेदना' या ग्रीक शब्दांपासून 'नॉस्टॅल्जिया' असं नाव दिलं. आज मानसशास्त्रज्ञ त्याला आजार मानत नाहीत. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये लोकांनी लिहिलेल्या अशा आठवणी तपासल्या, तेव्हा त्यांत लिहिणारा स्वतः मध्यभागी आणि भोवती जवळची माणसं असं चित्र पुन्हा पुन्हा दिसलं. एकटेपणा किंवा खिन्नता आली की हे रंजन सुरू होतं आणि बऱ्याचदा मन सावरून जातं. म्हणजे स्टेडियमच्या आठवणीत स्टेडियम असतं पाठीमागच्या पडद्यासारखं. पुढे असतात हात धरून नेणारे वडील, किंवा आता संपर्कात नसलेले मित्र.

स्मृती गैरसोय मात्र सोयीस्करपणे धुऊन टाकते. सायकलवरून तीन आठवड्यांच्या सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना 1990 च्या दशकात आधी, वाटेत आणि नंतर प्रश्न विचारले गेले. वाटेत कुरकुर करणारे नंतर सहल छान झाल्याचं सांगत होते. 8 जून 1984 ला बॉस्टन गार्डनमध्ये बास्केटबॉलच्या अंतिम फेरीतला सामना झाला. वातानुकूलन नव्हतं आणि आतलं तापमान 36 अंश सेल्सियसवर गेलं होतं. पाहुण्या संघाचे खेळाडू करीम अब्दुल-जब्बार यांना बाकावर बसून प्राणवायू घ्यावा लागला. आता हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो. उकाड्याचं ठीक आहे. पण इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात 11 मे 1985 ला जुना लाकडी स्टँड पेटला आणि 56 जण गेले. फळ्यांखाली वर्षानुवर्षांचा कचरा साचलेला होता. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात उभ्या प्रेक्षकांच्या कुंपणबंद भागात चेंगरून 97 जीव गेले. दोष प्रेक्षकांचा नव्हे, गर्दी हाताळण्याचा होता असं पुढे न्यायालयीन चौकशीत ठरलं. त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर उभ्याने सामना पाहणं कित्येक वर्षं बंद होतं. त्या पायऱ्यांसाठी हळहळणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याच्या आठवणीत कुंपण नसतं.

मैदान बदलल्याचा फरक खेळाडूंनाही पडतो, आणि तो निकालांत मोजता येतो. रिचर्ड पोलार्ड यांनी 1987 ते 2001 या काळात त्याच शहरात नव्या स्टेडियममध्ये गेलेले उत्तर अमेरिकेतले बेसबॉल, बास्केटबॉल आणि आईस हॉकीचे 37 संघ तपासले. नव्या जागेच्या पहिल्या हंगामात घरच्या मैदानाचा फायदा जवळपास चतुर्थांशाने घटला होता. प्रेक्षक तेच, प्रवासाचा थकवाही पाहुण्यांनाच. मग उरतं काय, तर जागेची ओळख: चेंडू कुठल्या कठड्यावरून कसा उसळतो, प्रकाश कुठून डोळ्यांत येतो, हे अंगात मुरलेलं ज्ञान.

लिव्हरपूलमधलं एव्हर्टन या फुटबॉल क्लबचं गुडिसन पार्क 1892 पासून वापरात आहे. एका कोपऱ्यात चक्क चर्च आहे. मैदानाच्या कडेने शेकडो चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. इतक्या, की 2004 च्या सुमारास क्लबला जागा नाही म्हणून नकार द्यावा लागला. 18 मे 2025 ला पुरुष संघाचा तिथला शेवटचा सामना झाला आणि संघ नदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. पाडायचा बेत मात्र बदलला आणि गुडिसन महिला संघाला दिलं गेलं.

बॉल्टिमोरमध्ये 1992 साली वेगळाच मार्ग काढला होता. कॅम्डन यार्ड्स हे बेसबॉलचं नवं मैदान मुद्दाम जुन्यासारखं बांधलं: विटांच्या भिंती, उघडे पोलादी सांगाडे, वेडावाकडा आकार आणि शेजारी जपलेलं रेल्वेचं लांबलचक जुनं गोदाम. ते पाहून अमेरिकेत पुढची वीस वर्षं तशाच मैदानांची लाट आली. अस्सल जुनं मैदान पाहिलेल्या लोकांना तेव्हा ती नक्कल वाटली असणार. त्या वर्षी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे, आणि वडिलांचा हात धरून तो याच विटांजवळून आत गेला होता.