श्रद्धांजली, मानवंदना की वाद्यवृंद? कोकणातल्या ‘ट्रिब्यूट’ची पार्श्वभूमी

जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहणारे फ्लेक्स कोकणात अधूनमधून नाक्यावर चढतात. कार्यक्रम जुन्या राजकीय रॉक गाण्यांचा असतो. आयोजकांनी मजकुरात ‘ट्रिब्यूट’ एवढंच लिहून पाठवलेलं असतं आणि फ्लेक्सवाला त्याचं सुचेल ते मराठी करतो. मूळ गायक ऐंशीच्या घरात असला तरी ठणठणीत असतो, इथे मात्र त्याच्या फोटोला हार घालायचाच काय तो बाकी राहतो. हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण या एका शब्दाच्या घोळात रसिक काय अपेक्षा धरून येणार, परवानगीच्या अर्जावर काय लिहिणार आणि बँड काय वाजवणार, हे सगळं अडकलेलं आहे.

पर्याय एकेक करून पाहिले तर प्रत्येकात खोट निघते. ‘आदरांजली’ श्रद्धांजलीचीच सख्खी बहीण. ‘मानवंदना’ ऐकायला भारदस्त, पण मानवंदना म्हटलं की परेड, बंदुका आणि ध्वज आठवतात. इथली निम्मी गाणी तर युद्धाविरुद्धची. ब्लॅक सॅबाथच्या १९७०च्या ‘वॉर पिग्ज’ला मानवंदना हा शब्द जोडणं म्हणजे गाणं ऐकलेलंच नाही, असं कबूल करणं. ‘कव्हर’ म्हटलं की नव्या पोरांच्या डोळ्यांपुढे खोलीत बसून मोबाइलवर अनप्लग्ड गाणारा एकटा गायक येतो. ‘बँड’ म्हणजे कोकणात आजही लग्नाच्या वरातीतला बँड.

राहिला ‘ऑर्केस्ट्रा’. हा शब्द सगळ्यात प्रामाणिक, कारण दुसऱ्याची गाणी हुबेहूब वाजवून दाखवणं हे काम महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रानेच वर्षानुवर्षं केलं. पण ऑर्केस्ट्रा म्हटला की निवेदक आला, नकला आल्या आणि चिठ्ठ्यांवरची फर्माईश आली. ‘वॉर पिग्ज’ संपतं न संपतं तोच ‘एक कोळीगीत होऊ द्या’ अशी चिठ्ठी आली तर चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची नाही, फ्लेक्सची आहे. त्यात २००५च्या डान्सबार बंदीनंतर ‘ऑर्केस्ट्रा बार’ हा जोडशब्द रूढ झाला आणि शब्दाला वास लागला. म्हणून परवानगीच्या अर्जावर जाणकार आयोजक गुपचूप ‘वाद्यवृंद’ लिहितात. सरकारी कानाला तो शब्द निरुपद्रवी वाटतो. रसिक आपसात नुसतं ‘रॉकवाले’ म्हणतात, आणि खरं तर तेच पुरेसं आहे.

मुळात ट्रिब्यूट बँड म्हणजे एकाच मूळ बँडची, किंवा इथल्यासारखी एकाच पंथाची, गाणी मूळ ध्वनीसकट उभी करणारा संच. जगातले काही गाजलेले ट्रिब्यूट बँड १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात निघाले. मोठे इंग्लिश-अमेरिकी बँड तिकडे क्वचितच फिरकत. मग लोकांनी आपले आपण उभे केले. कोकणाला हे कारण तंतोतंत लागू पडतं. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ची बहुतेक गाणी लिहिणारा रॉजर वॉटर्स २००७ साली मुंबईत येऊन गायला. आयर्लंडचा सर्वांत मोठा बँड यूटू २०१९च्या डिसेंबरात नवी मुंबईत वाजवून गेला. रत्नागिरी-कुडाळच्या माणसाला ही दोन्ही ठिकाणं रात्रीच्या गाडीच्या अंतरावर होती, तीही १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यामुळे. एरवी त्याच्या वाट्याला कॅसेटच.

कॅसेट आल्या तीन वाटांनी. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून, आखातातून सुट्टीवर आलेल्यांच्या टू-इन-वनबरोबर आणि जहाजावरच्या खलाशांच्या पेटीतून. तिसरी वाट सगळ्यात समृद्ध होती. बंदराबंदरांतून उचललेली गाणी हर्णै-दाभोळच्या घरांत पोचत, शब्द कुणाला कळत नसले तरी. १९९१नंतर डिश आणि केबलवर गाण्यांचे व्हिडिओ दिसू लागले, आणि ‘हे गाणं कशावर आहे’ असा प्रश्न पहिल्यांदा पडला. दक्षिणेकडे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूला, गोवा जवळ. ड्रमर आणि बास वाजवणारा हवा असला की आजही पहिला फोन तिकडेच जातो.

तरीही हे बँड इथे रुजले त्याचं श्रेय कॅसेटपेक्षा डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, आणि शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबांना द्यायला हवं. चालीवर कान ठेवून बसण्याची सवय त्यांनीच लावली. बुवाने कुठल्या गाण्याची चाल उचलली, ती कुठे सोडली, समोरच्या बारीने काय उत्तर दिलं, हे भजनाला बसलेला म्हातारा बोटावर सांगतो. त्याचा नातू रॉकवाल्यांना त्याच तराजूत तोलतो. ‘चाल धरली’ ही इथली सर्वांत मोठी दाद. स्वतःची कल्पकता दाखवायला गेलेल्या गिटारवाल्याला टाळ्या पडतात, पण त्या सौजन्याच्या.

चाल धरणं म्हणजे नेमकं काय, ते दोन-तीन गाण्यांवरून कळेल. पिंक फ्लॉइडच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग, साल १९७९, लय मिनिटाला सुमारे १०४ ठोके. त्यातला सोलो बहुतेक जण स्ट्रॅटोकास्टरवर वाजवतात, कारण मूळ बँडचा गिटारवादक फोटोंत त्याच गिटारसोबत दिसतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र १९५५ची लेस पॉल गोल्डटॉप गिटार आहे, पी-९० जातीच्या पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाची. ती आधी थेट मिक्सरमध्ये घेतली आणि नंतर तो आवाज अँपमधून फिरवला. म्हणून त्या स्वराला अंग आहे. स्ट्रॅटवर ते येत नाही. स्ट्रॅटच हातात असेल तर टोन थोडा कमी करून मिड वाढवायचा आणि डिस्टॉर्शन निम्म्यावर आणायचं. फरक उरतो, पण खटकत नाही.

यूटूचं ‘प्राइड’ १९८४चं. तिथे सगळा खेळ डिलेचा, म्हणजे स्वराच्या उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनीचा. लय १०६च्या आसपास. ६०,००० भागिले १०६ म्हणजे एका ठोक्याला ५६६ मिलिसेकंद, त्याचे तीन चतुर्थांश ४२५. डिले ४२५वर बांधला की गिटारवाला ठोक्याला दोन असे सरळ स्वर वाजवतो आणि ऐकणाऱ्याला दुप्पट नक्षी ऐकू येते. ड्रमरने उत्साहात लय ११२वर नेली की तीच नक्षी लडखडते, आणि शिव्या बिचाऱ्या गिटारवाल्याला पडतात. उपाय एकच, ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक. द हू या बँडच्या १९७१च्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये सिंथेसायझरमधून काढलेल्या ऑर्गनची टेप चालते. मूळ बँडचा ड्रमरही मंचावर हेडफोन लावूनच त्या टेपबरोबर वाजवत असे. त्यामुळे क्लिकला ‘फसवणूक’ म्हणणाऱ्यांचं फारसं मनावर घेऊ नये.

रेज अगेन्स्ट द मशीनच्या १९९२च्या ‘किलिंग इन द नेम’ला सहावी तार ईवरून डीवर उतरवावी लागते. ती नुसती सैल करून डीवर थांबवली तर नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचेत, अडकलेली तार दोन कडव्यांत आणखी उतरते. आधी डीच्या खाली न्यायची, मग ताणत वर आणायची. कोकणात तारांचं आणखी एक दुखणं आहे, खारी हवा. समुद्रालगत साध्या तारा आठ-पंधरा दिवसांत काळवंडतात आणि गंजलेली तार सुरात राहत नाही. वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसायचं, केसमध्ये सिलिका जेल ठेवायचं, जमलं तर लेप दिलेल्या तारा घ्यायच्या. पावसाळ्यात गिटारची मान हलते. मानेच्या आतला ट्रस रॉड एका वेळी पाव आटाच फिरवावा आणि मग रात्रभर वाट पाहावी.

सगळ्यात घातक चूक मात्र अर्थिंगची. सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, मैदानात हातभर खाली जांभा लागतो. एप्रिल-मेमध्ये तो ठणठणीत कोरडा असतो, आणि रॉड ठोकला तरी अर्थ धरत नाही. मग पी-९०सारखा सिंगल कॉइल पिकअप गुणगुणू लागतो, गायकाने हातात गिटार असताना माइकला ओठ लावले की झटका बसतो. रॉड विहिरीजवळ किंवा शिपण्याच्या पोफळबागेत घ्यावा, खड्ड्यात कोळसा-मीठ घालून चार तास आधी दोन बादल्या पाणी ओतावं, आणि मिक्सरपासून सगळ्या अँपपर्यंत वीज एकाच बोर्डावरून द्यावी. लाइटचे डिमर दुसऱ्या फेजवर. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग अजून भेटतात. त्यांना मंचावर चढू देऊ नये.

ऑक्टोपॅडबद्दल रॉकप्रेमी नाक मुरडतात. ते पूर्णपणे बरोबर नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८४च्या ‘बॉर्न इन द यूएसए’तला स्नेअर ड्रम हा तोडलेल्या घुमाऱ्याचा, म्हणजे घुमणारा आवाज मध्येच छाटलेला, स्नेअर आहे. मोकळ्या मैदानात खरा ड्रम तसा घुमत नाही, आणि गणेशोत्सवात बेंजोपार्टीत ऑक्टोपॅड वाजवून हात बसलेला पोरगा योग्य पॅच लावून तो आवाज जास्त जवळून देतो. ‘वॉर पिग्ज’ला मात्र ऑक्टोपॅड अजिबात नको. त्या गाण्याचा जीव हाय-हॅटच्या उघडझापीत आहे.

शब्दांवरून मात्र रसिकांत सरळ दोन तट आहेत. ‘प्राइड’च्या शब्दांत ४ एप्रिलच्या पहाटेचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर १९६८ साली गोळी झाडली गेली ती संध्याकाळी सहाच्या सुमारास. मूळ गायकाने पुढे मंचावर कधी कधी ‘पहाट’ बदलून ‘संध्याकाळ’ केली. ट्रिब्यूटवाल्यांनी काय गायचं? रेकॉर्ड प्रमाण मानली तर चूक जपायची, इतिहास प्रमाण मानला तर चाल धरणाऱ्यांचा रोष पत्करायचा. इथे संध्याकाळ गाणंच योग्य, कारण ती दुरुस्ती खुद्द कर्त्याची आहे.

‘बॉर्न इन द यूएसए’चा प्रश्न याहून अवघड. व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळालेल्या माणसाचं ते गाऱ्हाणं आहे, पण धृपद मुठी आवळून म्हणण्याजोगं. १९८४च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनीच, रेगन यांनी, निवडणुकीच्या प्रचारात स्प्रिंगस्टीनचं कौतुकाने नाव घेतलं होतं. तेव्हा कोकणातल्या प्रेक्षकांनी धृपदाला झेंडे हलवले तर त्यांना हसण्याचा अधिकार कुणाला नाही. उपाय म्हणजे गाण्याआधी दोन वाक्यांचं मराठी निवेदन. पाच वाक्यांचं झालं की शिट्ट्या सुरू होतात.

मराठीत भाषांतर करून गाण्याची टूम मध्येच निघते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे आहे, त्यामुळे परवानगीशिवाय ते करता येत नाही. सादरीकरणाचं निराळं. हौशी संस्थेने विनातिकीट प्रेक्षकांपुढे वाजवलं तर कायदा सूट देतो. घोडं अडतं ते मानधनावर. मानधन घेणारा बँड हौशी कसा, यावर मंडळं आणि बँड दोघेही सोयीचं मौन पाळतात. तिकीट लावलं असेल तर परवाना आधी घ्यावा, नंतर निस्तरणं महागात पडतं.

‘ब्रिक’मधलं मुलांचं समूहगान हा शाळेच्या परवानगीचा विषय. मूळ रेकॉर्डिंगला लंडनमधल्या एका शाळेची वीसेक मुलं होती आणि त्यांचा आवाज थरावर थर चढवून वाढवला होता. मंचावर तीन मोठ्या माणसांनी ते म्हटलं की आरती वाटते. दहा-बारा मुलं आणि दोन माइक पुरतात, फक्त त्यांना गोड गायला सांगू नये. प्रार्थनेची सवय असलेली मुलं पहिल्या तालमीत ते गाणं हमखास प्रार्थनेसारखं म्हणतात. ‘मास्तर, पोरांना सोडा’ अशा अर्थाची ओळ मास्तरांनीच बसवून घ्यायची, हा विनोद आहेच. पण १९८० साली दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांनी वर्णद्वेषी शिक्षणाविरुद्धच्या बहिष्कारात हेच गाणं घेतलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली, हे मुलांना सांगितलं की आवाज आपोआप चढतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत दाद कुठे पडते, तेही सरकलं आहे. व्हिएतनाम युद्धावरची गाणी आदराने ऐकली जातात. १९८७चं ‘बेड्स आर बर्निंग’, ज्यांची जमीन त्यांना परत द्या म्हणणारं ऑस्ट्रेलियन गाणं, इथे वेगळंच पेटतं. खोतीविरुद्धचा चरीचा संप १९३३ ते १९३९ चालला, तो आता पुस्तकात गेला. पण २०११ साली जैतापूर प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साखरीनाट्याला गोळीबारात एकाचा जीव गेला आणि २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर बायका उन्हात आडव्या पडल्या, हे समोर बसलेल्यांनी पाहिलेलं आहे. प्रकल्प हवा म्हणणारेही त्याच खुर्च्यांवर असतात आणि धृपद तेही म्हणतात. त्यातले पितळी वाद्यांचे तीन ठोसे कीबोर्डवर वाजवतात, तेवढं मात्र टोचतं. तिथे खरंच लग्नाच्या बँडमधले दोघे बोलवावेत.

हे गाणं पूर्वी शेवटी ठेवत. आता ते शेवटून तिसरं आलं आहे, कारण घड्याळ. डबलबारीच्या सवयीने प्रेक्षक साडेनऊला जमू लागतात आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो. साडेसातला सुरू करून दहाला पाच कमी असताना शेवटचा स्वर, असाच हिशेब धरावा लागतो. ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ साडेआठ मिनिटांचं आहे, ते त्यात बसवताना ऑर्गनचा तुकडा कापला जातो. मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते ती वर्षाला फार तर १५ दिवस, आणि ते दिवस गणपती, नवरात्र आणि जयंत्यांमध्ये संपतात.