मराठी रंगभूमीचा इतिहास नाटकवाल्यांनीच लिहिला

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाच्या निमित्ताने, जे लेख छापून येतात ते साधारण एकाच वाटेने जातात. १८४३, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’. मग १८८० आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’. मग देवल, खाडिलकर, गडकरी, बालगंधर्व, ‘संयुक्त मानापमान’. पुढे बोलपटांनी केलेली पडझड आणि तिच्यातून निघालेलं नवं नाटक. ही वाट इतकी मळलेली आहे की ती कुणीतरी पाडली असेल असं वाटतच नाही. पाडणारी माणसं मात्र बरीच होती, आणि त्यांतले बहुतेकजण नाटकाच्या धंद्यातलेच होते. नट, मालक, व्यवस्थापक, पेटी वाजवणारे, नाटककार. प्राध्यापक मागाहून आले.

पहिला साक्षीदार खुद्द भावे. सांगलीत कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना तसं काही मराठीत व्हावंसं वाटलं आणि ते काम भाव्यांकडे आलं. १८५१ साली चिंतामणराव वारले. दरबारचा आधार तुटला, तेव्हा भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. हा धंदा सोडून बराच काळ लोटल्यावर, १८८५ साली, त्यांनी ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला. त्यात मुख्यतः आख्यानांची पदं आहेत, कारण छापायला संवाद नव्हतेच. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या अनुरोधाने ऐन वेळी बोलायची. म्हणजे मराठी रंगभूमीच्या आरंभकाळातलं नाटक, प्रेक्षकांनी जसं ऐकलं तसं, कुठेही लिहिलेलं नाही. उरली ती पदं, आणि त्यांच्या आगेमागे भाव्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत. आज आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो त्या गोष्टीचा बराच भाग या हकीकतीवर उभा आहे.

१९०३ साली आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचं ‘मराठी रंगभूमि’ आलं. भाव्यांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि किर्लोस्कर मंडळीच्या भाऊराव कोल्हटकरांनाही तेवढीच. ज्यांनी भाव्यांच्या सांगलीकर मंडळीचे खेळ तरुणपणी पाहिले होते अशी माणसं अजून हयात होती. कुलकर्ण्यांनी इतिहास मांडला तो नाटक मंडळ्यांच्या हिशेबाने. कोणती मंडळी कधी निघाली, कुणी काढली, कोणते खेळ केले, का मोडली. नाटकं म्हणजे साहित्य, त्यांची वाङ्मयीन परीक्षा करायची, हा विचार त्यांच्या मांडणीत दुय्यम आहे. मला हे पुस्तक त्याचमुळे मोलाचं वाटतं. पुढच्या पन्नास वर्षांत नाटकाकडे जे ‘वाङ्मय’ म्हणून पाहिलं गेलं, त्यात मंडळी, बिऱ्हाडं, दौरे आणि गल्ला हे सगळं मागे पडलं.

त्याच सुमारास किर्लोस्कर मंडळीचे शंकर बापूजी मुजुमदार यांनी अण्णासाहेब किर्लोस्करांचं चरित्र लिहिलं. ‘रंगभूमी’ नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. मुजुमदार कंपनीचे कर्तेधर्ते. आपल्या कंपनीच्या संस्थापकाचं चरित्र कंपनी चालवणाऱ्यानेच लिहायचं, यात आज कुणी हितसंबंध शोधेल, आणि ते चूकही नाही. पण ते लिहिलं नसतं तर १८८५ मध्ये ऐन उमेदीत गेलेल्या किर्लोस्करांविषयी आपल्याला किती कळलं असतं, हाही प्रश्न आहेच.

आत्मचरित्रांची खरी लाट आली ती १९३० नंतर, बोलपट आल्यावर. ‘आलम आरा’ १९३१ चा, ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. मुक्कामामागून मुक्काम करणाऱ्या, शंभरेक माणसांचं बिऱ्हाड पोसणाऱ्या कंपन्या धडाधड बसल्या. ज्यांनी उभं आयुष्य त्यांत काढलं, ते एकाएकी रिकामे झाले. हाताशी वेळ होता, सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि आपण पाहिलं ते पुढच्यांना खरं वाटणार नाही अशी धास्तीही असावी. १९३५ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘आत्मवृत्त’ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. १९३९ मध्ये गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’, १९४० मध्ये गणपतराव बोडसांचं ‘माझी भूमिका’. मामा वरेरकरांनी ‘माझा नाटकी संसार’ लिहायला घेतला आणि तो अनेक खंड चालला. १९४३ हे भाव्यांच्या पहिल्या प्रयोगाचं शताब्दी वर्ष. सांगलीला मोठा महोत्सव झाला, नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षस्थानी वि. दा. सावरकर होते. शंभर वर्षं पुरी झाली म्हटल्यावर मागे वळून पाहण्याला जोर आला आणि ‘आरंभ १८४३’ हेही तेव्हाच पक्कं बसलं.

या आत्मचरित्रांतला सर्वांत गमतीचा भाग १९१३ चा आहे. त्या साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून फुटून निघाले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. मराठी रंगभूमीवरची ही सर्वांत गाजलेली फूट. पुढे टेंबे बाहेर पडले आणि बोडसही. तिघा भागीदारांपैकी आत्मचरित्र लिहिलं या दोघांनी. टेंब्यांनी तर ‘माझा जीवनविहार’ हे आणखी एक लिहिलं. ज्यांच्या नावाने कंपनी चालली त्या बालगंधर्वांनी आपली बाजू पुस्तकात मांडलीच नाही. म्हणजे गंधर्व मंडळीच्या आतली हकीकत आपण वाचतो ती कंपनी सोडून गेलेल्यांच्या तोंडून. बोडस चोख नट, ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव आणि ‘एकच प्याला’मधला सुधाकर त्यांचे, त्यांचं लिहिणंही तसंच रोखठोक. टेंबे गवई आणि संगीतकार, ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, त्यामुळे त्यांच्या आठवणींत माणसांआधी सूर येतात. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एकाच घरातल्या दोन खोल्यांतून एकच भांडण ऐकू आल्यासारखं होतं. बालगंधर्वांची बाजू मग वसंत शांताराम देसायांनी घेतली. देसायांनी त्यांच्यासाठी नाटकं लिहिली होती, त्यांच्याविषयी अपार माया होती, आणि ‘मखमलीचा पडदा’पासून ‘बालगंधर्व : व्यक्ती आणि कला’पर्यंत त्यांनी जे लिहिलं त्यात ती माया लपत नाही. बालगंधर्वांच्या पुढच्या आयुष्यातल्या सहचारिणी, गायिका-अभिनेत्री गोहरबाई कर्नाटकी मात्र या सगळ्या लेखनात येतात त्या बहुधा दुसऱ्यांच्या तक्रारीतून. त्यांचं स्वतःचं म्हणणं कुणी टिपून घेतलेलं नाही.

चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ १९५७ चं. १९५८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका नटाच्या आत्मचरित्राला साहित्याचा मान मिळाला, याचं त्या काळी किती अप्रूप वाटलं असेल याची कल्पना करता येते. कोल्हटकर, मास्टर दीनानाथ आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ मध्ये बलवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांनी ‘भावबंधन’ याच कंपनीला दिलं, शेवटच्या आजारात सावनेरला ते पुरं केलं आणि २३ जानेवारी १९१९ ला ते गेले. त्यातला घनश्याम कोल्हटकरांनी उभा केला. गडकऱ्यांचा इतका निकटचा सहवास असलेला माणूस, आणि लिहिताना भाबडा होत नाही. कंपनीतली कर्जं, रुसवेफुगवे, दौऱ्यांचे हाल, प्रेक्षकांची तऱ्हेवाईक मर्जी, सगळं आहे. नाटकावरच्या मराठी पुस्तकांतलं एकच निवडायला सांगितलं तर मी ‘बहुरूपी’ निवडेन. वरेरकरांचे खंडही वाचावेत, माहितीने ठासून भरलेले आहेत. फक्त मामांच्या आठवणींत प्रत्येक प्रसंगाच्या मधोमध मामाच उभे असतात, एवढं धरून चालावं.

अभ्यासकांची पावलं याच काळात शेजारून पडत होती. १९२८ मध्ये गोदावरी वासुदेव केतकरांनी भरताच्या नाट्यशास्त्रावरचं मराठी पुस्तक प्रसिद्ध केलं. त्या वर्षी मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका अजून बहुतेक पुरुषच करत होते, आणि नाट्यशास्त्र मराठीत आणणारी एक स्त्री होती! योगायोग असा की त्याच १९२८ च्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षही स्त्रीच होत्या, ‘पुरुषांचे बंड’ लिहिणाऱ्या गिरिजाबाई केळकर. त्यांचं ‘द्रौपदीची थाळी’ हे आत्मचरित्र १९५९ चं; नाटकवाल्यांच्या आठवणींची यादी होते तेव्हा ते नेमकं राहून जातं. बडोद्याच्या वि. पा. दांडेकरांची ‘मराठी नाट्यसृष्टी’ १९४० च्या दशकातली, नाटकांची पौराणिक, सामाजिक अशी विभागणी करून त्यांचा विचार करणारी. आणि १९५७ मध्ये, ‘बहुरूपी’च्याच वर्षी, श्री. ना. बनहट्टींचा ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ आला. त्याचा हा पहिला खंड फक्त १८४३ ते १८७९ एवढ्या काळाचा. ‘शाकुंतल’च्या आदल्या वर्षी तो थांबतो! छत्तीस वर्षांसाठी एक जाडजूड ग्रंथ. आठवणी, जाहिराती, जुनी वर्तमानपत्रं ताडून पाहत बनहट्टी इतक्या सावकाश चालतात की घाईतल्या वाचकाची दमछाक होते. पण ऐकीव आणि सिद्ध यांतला फरक करायला मराठी नाट्येतिहास खऱ्या अर्थाने इथे शिकला.

तरीही १८४३ ची रेघ कायम राहिली. तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं बरंच काही बाहेर होतं. तंजावरच्या शहाजीराजांचं ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ १६९० च्या आसपासचं मानतात, म्हणजे सांगलीच्या दीडशे वर्षं आधीचं. तंजावरची ही नाटकं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या हस्तलिखितांत राहिली, महाराष्ट्रातल्या पुढच्या नाटकाशी त्यांचा धागा जुळला नाही, म्हणून इतिहासकारांनी त्यांना प्रस्तावनेत जागा दिली आणि पुढचं पान उलटलं. जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ १८५५ चं, पूर्ण गद्य, समकालीन विषयावरचं. फुल्यांनी ते मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं, कमिटीने नाकारलं, आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. तोवर पहिलं स्वतंत्र गद्य नाटक म्हणून वि. ज. कीर्तन्यांच्या १८६१ च्या ‘थोरले माधवराव पेशवे’चं नाव घेतलं जाई. आधुनिक मराठी नाटकाची सुरुवात फुल्यांपासून धरावी, असं नाटककार आणि विचारवंत गो. पु. देशपांडे यांच्यासारख्यांनी आग्रहाने मांडलं तेव्हा वाद झाला, आणि तो पूर्ण मिटलेला नाही. प्रयोगच झाला नाही तर त्याला रंगभूमीच्या इतिहासात धरायचं कसं, असं एक म्हणणं. प्रयोग का झाला नाही हाच इतिहास, असं दुसरं. मला दुसरं पटतं.

तमाशाचंही असंच. नाटक मंडळ्यांच्या आठवणींत तमाशा येतो तो बहुधा ‘आपण कशापासून वेगळे’ हे सांगायला. नामदेव व्हटकरांनी तमाशाच्या कलेवर आणि साहित्यावर लिहिलं, रुस्तुम अचलखांबांनी तमाशाला लोकरंगभूमी म्हणून जोखलं. दोघांचीही आत्मचरित्रं आहेत, ‘कथा माझ्या जन्माची’ आणि ‘गावकी’, आणि त्यांत नाटकापेक्षा गाव आणि जात जास्त आहे. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं आयुष्य योगीराज बागूल यांनी लिहिलं. तारा भवाळकरांनी ‘यक्षगान आणि मराठी नाट्यपरंपरा’मध्ये थेट त्या भागवत मंडळींच्या खेळांकडे मोर्चा वळवला, ज्यांचा उल्लेख भाव्यांच्या गोष्टीत एका वाक्यात संपायचा. रंगमंचावर वावरलेल्या बायकांच्या आठवणी त्याहून उशिरा. १ जुलै १९३३ ला ‘आंधळ्यांची शाळा’ झालं तेव्हा ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर होत्या, पण अभिनेत्रींची आत्मचरित्रं ठळकपणे दिसू लागली ती १९७० पासून. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ १९७० चं, अरुण साधूंनी शब्दांत उतरवलेलं. दुर्गा खोट्यांचं ‘मी दुर्गा खोटे’ १९८२ चं. दोन्हींत सिनेमा अधिक आहे. ‘अयोध्येचा राजा’मधले हरिश्चंद्र आणि तारामती म्हणजे टेंबे आणि खोटे. हरिश्चंद्राने आपल्या आठवणी १९३९ पासूनच छापायला घेतल्या, तारामतीला आणखी चार दशकं लागली.

१९६० नंतरच्या रंगभूमीची पुस्तकं वेगळ्या घडणीची आहेत. कंपनीचं बिऱ्हाड गेलं, हौशी आणि प्रायोगिक संस्था आल्या, आणि लिहिणारेही डॉक्टर, प्राध्यापक, शास्त्रशाखेचे पदवीधर. श्रीराम लागूंचं ‘लमाण’ (२००४), विजया मेहतांचं ‘झिम्मा’ (२०१२), सतीश आळेकरांचं ‘गगनिका’ (२०१७). भूमिका कशी बसवली, तालमीत काय अडलं, संहितेत काय सापडलं, हे त्यांत सविस्तर येतं. बोडस-कोल्हटकरांच्या पिढीला ते सांगण्याजोगं वाटत नसे. उलट पैशाविषयी जुनी मंडळी जितकं मोकळं बोलायची तितकं नवी बोलत नाहीत. के. नारायण काळ्यांनी अभिनयाची पद्धत मांडणाऱ्या रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लावस्कीला ‘अभिनयसाधना’मधून मराठीत आणलं, त्याचाही या बोलण्याच्या बदलात वाटा असावा. तेंडुलकरांसारखा नाटककार मात्र ‘तें दिवस’मध्ये स्वतःच्या सुरुवातीच्या वर्षांपाशीच थांबतो. ‘घाशीराम’ आणि ‘सखाराम’च्या वादळांची हकीकत सलग आत्मचरित्रात सांगायचं त्यांनी टाळलंच.

२०११ मध्ये मकरंद साठ्यांचे ‘मराठी रंगभूमीच्या तीस रात्री’ हे तीन खंड आले. साठे स्वतः नाटककार, म्हणजे पुन्हा धंद्यातलाच माणूस. रात्रीमागून रात्र गप्पा चालाव्यात अशी रचना करून त्यांनी सगळा प्रवास सामाजिक आणि राजकीय बाजूने पुन्हा मांडला. फुले, सत्यशोधकी जलसे, तमाशा, कामगार रंगभूमी आणि दलित रंगभूमी यांत मुख्य प्रवाहाच्या बरोबरीने येतात. त्याआधी २००० मध्ये शांता गोखल्यांनी इंग्रजीत नाटककाराला केंद्रस्थानी ठेवून १८४३ पासूनचा आढावा घेतला होता, आणि साठ्यांच्या तीस रात्री इंग्रजीत नेल्या त्याही त्यांनीच.

नाटककारांनी लिहिलं, नटांनी लिहिलं, मालकांनीही लिहिलं. पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, विंगेत वही धरून बसणारे, तिकीटखिडकीवरचे, या लोकांची नावं ‘बहुरूपी’त आणि ‘माझी भूमिका’त जाता जाता येतात, त्यांनी स्वतः लिहिलेली किंवा सांगितलेली पुस्तकं अगदीच तुरळक आहेत.