सुझानमधला 'श' कुठे गेला?

बाळांच्या नावांचे रील्स सारखे फिरत असतात, त्यातल्या एकात ऐकलं की सुझान हे नाव हिब्रूतल्या 'शेश' म्हणजे सहा या आकड्यावरून आलं, कारण लिलीला सहा पाकळ्या, आणि मग ओघानेच शुभांक ६, अमुक रत्न वगैरे. शुभांकाचं सोडा, तो धंदा आहे. पण सहा पाकळ्यांची गोष्ट पटकन पटते, तिथेच गोची आहे.

नावाचं हिब्रू रूप शोशन्ना, म्हणजे लिली. बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ प्राचीन इजिप्शियन 'स-श-न' मध्ये बघतात (त्या लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणून नुसती व्यंजनं). हे नाईलमधल्या पाणलिलीचं नाव. निळ्या पाणलिलीच्या पाकळ्या तुतनखामेनच्या ममीवरच्या माळांमध्येही सापडल्यात. इंग्रजीत तिला लोटस म्हणतात पण ते आपलं कमळ नव्हे, आणि पाकळ्या सहापेक्षा कितीतरी जास्त!

आता माझा आवडता भाग. स-श-न चं श-श-न कसं झालं? 'स' म्हणताना हवा दातांमागे घासते, 'श' ला जीभ थोडी मागे सरकून टाळूकडे उचलली जाते. दोन्ही इतके शेजारी की पाठोपाठ आले की मेंदू पुढच्या 'श'ची तयारी आधीच करतो आणि पहिल्या 'स'चाही 'श' होऊन बसतो. संस्कृतमध्ये डिट्टो हेच झालंय. सासऱ्याचा शब्द खरं तर 'स्वशुर' हवा होता (लॅटिनमध्ये सोकेर, 'स'नेच सुरू), झाला श्वशुर. सशाचा 'शस' हवा होता, झाला शश, फक्त इथे मागचा बदलला. मग महाराष्ट्री प्राकृतात आल्यावर सगळेच 'श' गेले आणि आपल्याकडे उरले सासरा नि ससा. ग्रीकमध्ये तर 'श' नव्हताच, त्यामुळे हिब्रू नावं तिकडे गेली की शिमोनचा सिमोन आणि शोशन्नाची सुसान्ना. मराठी बायबलमध्ये मात्र शिमोन, शलमोन 'श'सकट शाबूत आहेत.

बायबलमध्ये सुसान्ना लूक ८:३ मध्ये नुसती नावापुरती येते. खरी गाजलेली सुसान्ना दानीएल या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ग्रीक आवृत्तीतली, जी कॅथलिक बायबलमध्ये १३ वा अध्याय म्हणून आहे आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. दोन म्हातारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात, दानीएल दोघांना वेगवेगळं करून विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलंत? एक एक झाड सांगतो, दुसरा दुसरंच. खेळ खल्लास.

अरबीत हेच फूल सौसन झालं आणि तिथून स्पॅनिशमध्ये लिलीला असुसेना. सुसाना हे नाव तिकडे ग्रीक-लॅटिनमार्गे आधीच पोचलेलं, म्हणजे दोघी चुलत बहिणीच. आणि इस्रायलमध्ये आज नुसतं शोशन्ना म्हटलं तर बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर येतो गुलाब.